सगळ्यात कमी खाजवणाऱ्या माणसाचा हात आधी बघा : खरजेबद्दल एक खुलं पत्र

वृद्धाश्रम, केअर सेंटर, वसतिगृहं आणि निवासी शाळा चालवणाऱ्या सगळ्या संचालकांना, मॅनेजरना, रेक्टरना आणि तिथल्या इन्चार्ज सिस्टरना,

नमस्कार.

पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगते, पण प्लीज अर्धवट वाचून बाजूला ठेवू नका. विषय आहे खरूज. हो तीच, जिचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरकतात आणि जिच्याबद्दल ऑफिसमध्ये दार लावून हळू आवाजात बोललं जातं.

माझी आत्या एका केअर सेंटरमध्ये होती. पॅरालिसिसचा अटॅक येऊन डावी बाजू गेली होती, डाव्या हाताला हालचाल नाही आणि स्पर्शही जवळजवळ कळत नव्हता. मी आठवड्यातून दोनदा जायचे आणि तिचा तोच डावा हात माझ्या हातात घेऊन बसायचे, कारण उजव्या हाताने ती जपमाळ ओढत असायची. त्या डाव्या हाताचा तळवा हळूहळू कोरडा पडायला लागला, मग जाड झाला, मग बोटांच्या बेचक्यांमध्ये राखाडी पांढुरक्या खपल्या धरल्या, नखं जाड आणि पिवळी झाली. मी विचारलं तर सांगितलं हात वापरात नाही ना म्हणून कातडी जाड होतेय. नंतर सांगितलं एक्झिमा आहे. एक क्रीम सुरू झालं, दिवसातून दोन वेळा, साधारण चार महिने. मी ट्यूबवरचं नाव वाचलं होतं पण त्यात स्टेरॉइड आहे आणि त्याने काय होऊ शकतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत्याला खाज येते का असं तिला कुणी विचारलं तर ती मान हलवून नाही म्हणायची. आणि ते खरं होतं, तिला खरंच येत नव्हती.

खाज दुसऱ्यांना यायला लागली. आधी तिला आंघोळ घालणाऱ्या मावशींना मनगटावर आणि पोटावर बारीक पुटकुळ्या आल्या, रात्री झोप नाही. मग दुसऱ्या मावशींना. मग शेजारच्या बेडवरच्या आजींना. आणि तिथे ठरलं काय, तर मावशींनी घरून खरूज आणली. स्वच्छता पाळत नाहीत, कपडे धुवत नाहीत असं त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, एकीला कामावरून कमी केलं. त्यानंतर काही आठवड्यांनी मला स्वतःला बोटांच्या बेचकीत खाज सुटली, मी माझ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बघताक्षणी खरूज म्हणून सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला की गेल्या दीड-दोन महिन्यांत तुम्ही कुणाचा हात बराच वेळ हातात धरला होता का.

मला उत्तर द्यायला दोन सेकंदही लागले नाहीत.

पुढे त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून आत्याच्या तळव्यावरची एक खपली खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली गेली. माझ्या सगळ्या अंगावर मिळून असतील त्यापेक्षा जास्त किडे आणि अंडी त्या एका खपलीत होती. म्हणजे जिला अजिबात खाज नव्हती ती सगळ्यात जास्त किडे घेऊन बसली होती, आणि ज्या रात्र रात्र खाजवत होत्या त्यांच्या अंगावर मोजून दहा-बारा. दोष कुणाला दिला गेला ते वर लिहिलंच आहे.

हे पत्र मी त्यासाठीच लिहितेय. खरूज कुणाला किती जोरात होते हे कशावर ठरतं ते तुमच्यापैकी बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं, आणि ते माहीत नसल्यामुळे तुम्ही दर वेळी चुकीच्या माणसाकडे बघता. मी डॉक्टर नाही, पण गेलं वर्षभर मिळेल ते वाचलं आणि स्किनच्या डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं.

खरूज म्हणजे घाण नाही, इन्फेक्शन झालेली साधी पुरळही नाही, तो एक जिवंत परजीवी आहे. आठ पायांचा किडा, मादी साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना फार तर एक ठिपका. ही मादी कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात आडवं बीळ पोखरत जाते आणि जाता जाता रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, दोनेक आठवड्यांत नवी पिढी तयार. 1687 मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्टोनी यांनी हा किडा मायक्रोस्कोपखाली बघून खरजेचं कारण हाच आहे असं लिहून ठेवलं. म्हणजे तीनशे वर्षांहून जास्त काळ झाला आपल्याला कारण माहीत आहे, आणि तरी आपण अजून "अंघोळ करत नाही का" यावरच अडकलोय.

आता मुख्य गोष्ट. खाज किड्यामुळे थेट येत नाही, तो चावतो म्हणून खाजत नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा या सगळ्याला आपलं शरीर अ‍ॅलर्जीसारखं रिअ‍ॅक्ट होतं, त्याची ती खाज. म्हणून पहिल्यांदा लागण झालेल्याला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, शरीराला ओळख पटायलाच तेवढा वेळ जातो, आणि त्या सगळ्या काळात तो माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. ज्याला आधी कधी होऊन गेलीय त्याला मात्र दुसऱ्या वेळी एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते. तुमच्या रजिस्टरमध्ये "सगळ्यात आधी खाज कुणाला" असं लिहून तुम्ही सुरुवात शोधता ना, ते म्हणूनच फसतं. आधी खाजणारा हा कदाचित फक्त आधी एकदा होऊन गेलेला माणूस असतो.

धडधाकट माणसाच्या अंगावर किती किडे असतात हे ऐकून मला धक्का बसला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने शेकडो पेशंटच्या अंगावरच्या माद्या अक्षरशः सुईने काढून मोजल्या, सरासरी 11 च्या आसपास निघाली. बस. अकरा किड्यांनी माणूस वेडापिसा होतो. कारण त्याचं शरीर लढतंय, खाज येते, तो खाजवतो, खाजवताना किडे आणि बिळं उखडली जातात, पेशी तिथे जमा होतात, आणि संख्या वाढू शकत नाही. खाज हा त्रास आहेच पण तो एक प्रकारे पहाराही आहे, हे मला आत्याचा हात बघितल्यावर समजलं.

आणि जिथे हा पहारा उठतो तिथे खपल्यांची खरूज होते, डॉक्टर तिला क्रस्टेड स्केबीज म्हणतात. तिथे किडे दहा-बारा नसतात, हजारो असतात, कधी कधी लाखांच्या घरात. किडा तोच बरं का, जात वेगळी नाही, जास्त विषारी वगैरे नाही. तोच किडा माझ्या अंगावर दहा आणि आत्याच्या अंगावर हजारो. फरक किड्यात नव्हता, आम्हा दोघींच्या शरीरात होता, आणि तिच्या बाबतीत तिच्यावर केलेल्या उपचारातही होता.

ही खपल्यांची खरूज पहिल्यांदा नीट लिहिली गेली ती नॉर्वेमध्ये, 1848 साली, डॅनिएलसन आणि बोएक या डॉक्टरांनी, आणि त्यांचे पेशंट कोण होते तर कुष्ठरोगी. आता विचार करा, कुष्ठरोगात काय होतं, कातडी बधिर होते. त्या माणसाला खाज कळतच नाही आणि बोटं झडलेली असली तर खाजवताही येत नाही. माझ्या आत्याच्या डाव्या हाताचं दुसरं काय झालं होतं? पॅरालिसिस झालेल्या फक्त त्याच हाता-पायावर जाड खपल्या आणि बाकी अंगावर साधी खरूज, अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. तिच्या उजव्या हातावर दोन-चार पुटकुळ्या होत्या फक्त.

तर कुणाची खरूज भडकू शकते ते मला समजलं तसं लिहिते, आणि हे तुमच्या नर्सिंग स्टेशनला लावून ठेवलंत तरी चालेल. ज्यांना जाणवत नाही किंवा सांगता येत नाही अशी माणसं, म्हणजे पॅरालिसिस झालेले, नसांचे आजार असलेले, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ते, म्हणजे एचआयव्ही, किडनी किंवा दुसरा अवयव बदलला म्हणून औषधं चालू असलेले, कॅन्सरची ट्रीटमेंट घेणारे, पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेणारे. एचटीएलव्ही-1 नावाचा एक व्हायरस आहे, जगाच्या काही भागांत खपल्यांच्या खरजेमागे तोही सापडतो. कुपोषण. नुसतं खूप वयही पुरतं कधी कधी. आणि काही जण असे की वरचं काहीही नाही, तब्येत ठीक, तरी होते, त्यांच्या शरीराची लढायची पद्धतच या किड्यासाठी चुकीची पडते. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं, की साध्या खरजेत शरीर पेशी पाठवून लढतं आणि ते कामी येतं, खपल्यांच्या खरजेत शरीर अ‍ॅलर्जीच्या मार्गाने लढतं, रक्तात आयजीई आणि इओसिनोफिल हे अ‍ॅलर्जीशी संबंधित घटक भरपूर वाढतात, लढाई जोरात चालू असते पण किड्याला त्याचा काही फरक पडत नाही. म्हणून अशा पेशंटच्या घरच्यांना "काहीतरी लपवताय, कुठला तरी मोठा आजार असेल" असं बोलू नका, आमच्या बाबतीत तेही झालं.

स्टेरॉइडच्या क्रीमबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात टाळता येण्यासारखी चूक तीच आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, योग्य ठिकाणी फार कामाचं आहे. पण ते नेमकं काय करतं तर त्या जागची प्रतिकारशक्ती झोपवतं. खाज थांबते, लाली जाते, सगळ्यांना वाटतं गुण आला. किडे मात्र तिथेच आहेत आणि आता त्यांना अडवणारं कुणी नाही. वर दिसायलाही खरजेसारखं दिसत नाही, कधी एक्झिमा वाटतो, कधी सोरायसिस, कधी नायट्यासारखे चट्टे, त्यामुळे पुढचा डॉक्टरही फसतो. क्रीम बंद केलं की पुन्हा उसळी मारतं, मग जास्त स्ट्राँग क्रीम आणलं जातं. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकाच ट्यूबमध्ये असलेली क्रीम्स तर कुणीही कुणाच्याही खाजेला लावतं, "सगळ्यावर चालतं" म्हणून. खरजेच्या किड्यावर त्यातलं काहीच चालत नाही. आत्याला चार महिने दिवसातून दोनदा हाताने चोळून आम्ही काय लावत होतो हे आता आठवलं की मला बसवत नाही. मी स्वतः लावलंय ते, चार-पाच वेळा तरी.

म्हणून माझी पहिली विनंती ही आहे की तुमच्या कपाटात असलेलं कुठलंही खाजेचं क्रीम, डॉक्टरांनी त्या माणसासाठी, ते दुखणं बघून लिहून दिलेलं नसेल तर लावू नका. आणि लिहून दिलेलं असेल तरी दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल किंवा लावल्यावर बरं आणि सोडल्यावर दुप्पट असं होत असेल तर त्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारा की ही खरूज नाही ना, खरवडून बघूया का. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

आता स्वच्छता. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो पण लिहितेच. किडा कातडीच्या आत असतो, साबणाने धुतला जात नाही. रोज दोन वेळा आंघोळ करणाऱ्याला सुद्धा होते, फक्त त्याच्या अंगावर खुणा कमी दिसतात म्हणून उशिरा ओळखली जाते. पसरते ती मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून, एका अंथरुणात झोपणं, लहान मुलाला कडेवर घेणं, पेशंटला उचलणं, आंघोळ घालणं, हात धरून बसणं. घाईघाईतल्या नमस्कारा-हस्तांदोलनाने साधी खरूज सहसा लागत नाही. याच मेलनबींनी युद्धात लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घालायला आणि त्यांच्या पांघरुणात झोपायला लावलं होतं, त्यात फार थोड्यांना लागण झाली. पण प्रत्यक्ष पेशंटच्या शेजारी झोपले तेव्हा व्हायला लागली. म्हणजे गर्दी हे कारण आहे. एका खोलीत दोन मुलांच्या जागी पाच, बेडला बेड चिकटलेले, गाद्या एकत्र केलेल्या, यावर खरूज किती पसरते ते ठरतं, आणि हे सगळं तुमच्या हातात असतं, मुलांच्या किंवा मावशींच्या नाही. तुम्ही मुलाला "अस्वच्छ" म्हणता तेव्हा तो खाज लपवायला शिकतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतो, आणि तीन महिने कुणाला सांगत नाही, तेवढ्यात अख्खी खोली झालेली असते.

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवा. कपडे-अंथरुणाचं हे मी साध्या खरजेबद्दल बोलले. खपल्यांच्या खरजेत गळून पडलेल्या प्रत्येक खपलीत जिवंत किडे असतात, तिथे चादर, उशी, खुर्चीचं कापड, ब्लड प्रेशरचा पट्टा सगळंच धोक्याचं. एका अशा पेशंटमुळे अख्खा वॉर्ड होऊ शकतो, अगदी थोड्या वेळाच्या स्पर्शाने. तिथे ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्यांचा गाऊन, वेगळी खोली, रोज चादर बदलणं, खपल्या व्हॅक्यूमने उचलणं हे सगळं करावंच लागतं.

आता वेळ. उशीर झाला की साधी खरूज सुद्धा साधी राहत नाही. खाजवून जखमा होतात, त्यात स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे जंतू शिरतात, पू होतो. आणि किडाही यात हातभार लावतो असं दिसतं, तो जी रसायनं सोडतो त्याने त्या जागची शरीराची एक संरक्षण यंत्रणा दबते आणि जंतूंना आयतं रान मिळतं. स्ट्रेप्टोकोकसच्या जखमांनंतर काही आठवड्यांनी काहींच्या, विशेषतः मुलांच्या, किडनीला सूज येते, लघवी लाल होते, चेहरा सुजतो. वसतिगृहात एखाद्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला आणि महिन्याभरापूर्वी त्याच्या बोटांत पू झालेले फोड होते हे कुणालाच आठवलं नाही, असं होऊ देऊ नका. खपल्यांच्या खरजेत तर कातडीला जागोजागी भेगा पडतात, जंतू रक्तात जाऊन माणूस दगावू शकतो. "खरूजच आहे, मरत नाही कुणी त्याने" हे मी स्वतः एका ऑफिसमध्ये बसून ऐकलंय. मरतात.

किती गंभीर आहे हे ठरवायची पद्धतही आहे. ऑस्ट्रेलियात रॉयल डार्विन हॉस्पिटलमध्ये खपल्यांच्या खरजेसाठी एक मोजमाप बनवलंय, त्यात चार गोष्टी बघतात, अंगाचा किती भाग व्यापलाय, खपल्या किती जाड आहेत, आधी असं किती वेळा होऊन गेलंय, आणि कातडीला भेगा-पू आहे का. प्रत्येकाला मार्क, बेरीज करून तीन ग्रेड, आणि ग्रेडप्रमाणे आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या गोळीचे 3, 5 किंवा 7 डोस. बघा, खाज किती येते हा प्रश्न त्यात नाहीच.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण तो डॉक्टरांनी ठरवायचा, पण गोंधळ कुठे होतो ते सांगते. साध्या खरजेला 5 टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम मानेखालच्या सगळ्या अंगाला, फक्त खाजतं तिथे नाही, नखांखाली, बेंबीत, तळपायांना सुद्धा, रात्रभर ठेवायचं म्हणजे 8 ते 14 तास, आणि एक-दोन आठवड्यांनी परत. तान्ही मुलं आणि म्हाताऱ्या माणसांत डोकं आणि चेहऱ्यालाही लावायला सांगतात, डोळे-तोंड सोडून. मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं, हे कुणी सांगतच नाही. किंवा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, वजनाप्रमाणे, त्याही दोनदा, कारण गोळी अंडी मारत नाही, मागाहून फुटलेल्या अंड्यांसाठी दुसरा डोस लागतो. 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती सहसा देत नाहीत. खपल्यांची असेल तर गोळ्या आणि क्रीम दोन्ही, शिवाय खपल्या मऊ करून काढायला युरिया किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम, नाहीतर औषध खपलीच्या वरच राहतं आणि किडे खाली मजेत. आत्याच्या हातावरची खपली निघायला तीन आठवडे गेले.

आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. तुम्ही ज्याला खाज त्यालाच औषध देता. ज्यांना अजून खाज सुरू व्हायची आहे ते चार-सहा आठवड्यांच्या मुदतीतले लोक तसेच राहतात, बरा झालेला परत त्यांच्यातच झोपतो, परत होते, आणि मग "औषध लागू पडत नाही" म्हणून आणखी स्ट्राँग काहीतरी शोधायला निघता. पर्मेथ्रिन पूर्वीइतकं काम करत नाही अशा तक्रारी काही देशांतले डॉक्टर करतायत हे खरं, पण आधी हे तर बघा की सगळ्यांना एकाच दिवशी दिलं होतं का, दुसरा डोस झाला होता का. खोलीतले सगळे, त्यांना उचलणारा-धुणारा सगळा स्टाफ, स्टाफच्या घरचे, आणि आमच्यासारखे भेटायला येणारे. खाज असो नसो, एकाच दिवशी. त्याच दिवशी गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे-चादरी गरम पाण्यात धुणं, आणि धुता येत नाही ते पिशवीत बंद करून ठेवणं, कारण किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच टिकतो.

सगळ्यांना एकदम दिलं की काय होतं याचा मोठा पुरावा फिजी बेटांवरचा आहे. 2015 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अख्ख्या समाजाला आयव्हरमेक्टिन दिलं तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण 32.1 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आलं, म्हणजे 94 टक्के घट. जिथे फक्त खरूज असलेल्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना क्रीम दिलं तिथे घट झाली पण 49 टक्केच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरूज ही दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातली, त्यांच्या अंदाजाप्रमाणे जगात कुठल्याही वेळी 20 कोटी लोकांना ती असते. 20 कोटी लोक आंघोळ करत नाहीत असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो.

एक आणखी, औषधानंतर दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात. त्या काळात घाबरून दर दोन दिवसांनी क्रीम लावत बसू नका, त्याने कातडी अजून चिडते. पण चार आठवड्यांनंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तर परत बघा, आणि त्या वेळी फक्त खाजणाऱ्याला बघू नका.

ज्या मावशींना कामावरून काढलं त्यांना मी शोधून भेटून आले. त्यांच्या घरी दोन मुलांना झाली होती, धाकट्याच्या तळहातावर पू झालेले फोड होते. आत्याला आंघोळ घालताना त्या ग्लोव्ह्ज मागायच्या, संपलेत म्हणून सांगितलं जायचं. त्यांनी खरूज आणली नव्हती, त्या ती घेऊन गेल्या होत्या. त्या सेंटरचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका सेंटरचं नाही, आणि नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे वाचतील. पण अशा कुणाला तुमच्याकडे काढलं गेलं असेल तर त्यांना परत बोलवा, त्यांच्या आणि घरच्यांच्या औषधाचा खर्च तुम्ही करा आणि ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच चूक झाली म्हणा.

बाकी मागणं फार नाही. नवीन माणूस दाखल होताना त्याचे हात, बेचक्या, मनगट, कंबर, तळपाय नीट उजेडात बघून लिहून ठेवा. दोन माणसांना एकाच महिन्यात नवी खाज आली तर त्याला योगायोग समजू नका. ग्लोव्ह्ज आणि बाह्यांचे गाऊन कुलपात ठेवू नका. स्टाफला किंवा मुलांना खाज सांगितल्याबद्दल सुट्टी कापली जाणार नाही, नाव फळ्यावर लागणार नाही हे आधीच जाहीर करा, नाहीतर कुणी सांगणारच नाही.

आणि उद्या सकाळी राउंडला निघाल की जे तक्रार करतायत त्यांच्याकडे जालच, त्यांच्याकडे जायला कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्याआधी कोपऱ्यातल्या बेडवरच्या त्या माणसाकडे जा ज्याला बोलता येत नाही, हात हलवता येत नाही, किंवा विचारलं तर काही नाही म्हणतो. ग्लोव्ह्ज घाला, त्याची मूठ हळूच उघडा, बोटं एकेक करून बाजूला करा आणि बेचकीत बघा. आत्याचा हात असा नीट उघडून कित्येक महिने कुणी बघितलाच नव्हता, मी सुद्धा तो वरवर बघून नुसता धरून बसत होते.

तुमची,
एका पेशंटची भाची